मुलांचे नवे शब्द आणि बदलती मराठी : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि जिल्ह्यातील पालक, शिक्षक आणि काही आजी-आजोबा मुलांच्या बोलण्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतील निवडक प्रश्न येथे थोडे आटोपशीर करून दिले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाषा बदलते असे सगळेच म्हणतात, पण तिच्यात नेमके काय बदलते?

उच्चार, शब्द, शब्दांचे अर्थ आणि व्याकरण हे सगळेच बदलते, मात्र त्यांचा वेग सारखा नसतो. शब्द एखाद्या वर्षात येतात आणि जातातही; अर्थ एका पिढीत सरकू शकतो; उच्चार आणि व्याकरण यांना बहुधा अनेक पिढ्या लागतात आणि बदल चालू असताना तो बोलणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. याचा पुरावा पाहण्यासाठी नाशिककरांना लांब जावे लागत नाही. पांडवलेण्यांतील क्रमांक ३च्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षातला, त्याची आजी गौतमी बलश्री हिच्या दानाचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. तो देवनागरीत उतरवून दिला, तरी आजच्या मराठी वाचकाला त्याचा अर्थ लागणार नाही, मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटेल इतकेच. संस्कृतातील 'हस्त' प्राकृतात 'हत्थ' झाला आणि मराठीत 'हात' झाला. 'कर्ण', 'कण्ण', 'कान' आणि 'सप्त', 'सत्त', 'सात' या साखळ्याही तशाच आहेत. आपण भाषा बदलत आहोत असे यांतील कोणत्याही एका पिढीला जाणवले नसावे.

२. लहान मुले खरोखरच नवे शब्द तयार करतात, की कुठूनतरी उचलून आणतात?

दोन्ही गोष्टी घडतात, पण वेगवेगळ्या वयांत. पाच वर्षांच्या आतले मूल जे नवे रूप तयार करते ते बहुधा नकळत, व्याकरणाचा नियम लावताना तयार होते आणि काही महिन्यांत नाहीसे होते. त्याविषयी प्रश्न ३ पाहावा. साधारण आठव्या वर्षापासून मुले जाणूनबुजून शब्दांशी खेळू लागतात. पौगंडावस्थेत तर शब्द हे आपला गट कोणता हे सांगण्याचे साधन बनते, आणि भाषेवर टिकाऊ परिणाम करणारे वय बहुधा हेच असते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबाव यांनी १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केलेल्या अभ्यासापासून पुढे अनेक शहरांत हे दिसले आहे की चालू असलेल्या बदलात किशोरवयीन मुले-मुली सहसा इतरांच्या पुढे असतात. त्यामुळे 'भाषा मुले बदलतात' या वाक्यातले 'मुले' म्हणजे बालवाडीतली नव्हेत, सायकल घेऊन क्लासला जाणारी आहेत, असे समजणे अधिक बरोबर ठरेल.

३. माझी तीन वर्षांची मुलगी 'मी करलं' आणि 'बाबा येला' म्हणते. लगेच सुधारावे का?

नाही. ही चूक म्हणजे तिने नियम शिकल्याची खूण आहे. 'बस' वरून 'बसला', 'पळ' वरून 'पळाला', तसे 'कर' वरून 'करलं' आणि 'ये' वरून 'येला' असा तिचा हिशेब आहे आणि तो अगदी सरळ आहे. वाकडी आहेत ती 'केलं' आणि 'आला' ही आपली रूपे. 'करलं' हे तिने घरात कोणाकडूनही ऐकलेले नसते, म्हणजे ती नक्कल करत नसून रूप स्वतः घडवत असते.

१९५८मध्ये जीन बर्को या संशोधिकेने इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, त्याला 'वग' असे निरर्थक नाव दिले आणि दोन प्राणी दाखवून त्यांना काय म्हणायचे ते विचारले. पूर्वी कधीही न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केले. घरी हा प्रयोग मराठीत सहज करून पाहता येतो. एखाद्या चित्राला 'ढपुका' म्हणावे आणि मुलाला दोन दाखवावेत. चार-पाच वर्षांचे मूल 'ढपुके' म्हणते आणि त्यांना खाऊ द्यायचा झाला तर 'ढपुक्यांना' असे सामान्यरूपही करून मोकळे होते. आपण बोलताना 'हो, बाबा आला' असे योग्य रूप सहजपणे उच्चारावे, एवढे पुरते.

४. भूभू, माऊ, मंमं, भुर्र हे शब्द बाळांनी शोधले आहेत का, आणि ते वापरावेत का?

हे शब्द मोठ्या माणसांनी बाळांसाठी जपलेले आहेत. बाळ ते आपल्याकडूनच शिकते. म, प, ब हे ओठांनी होणारे आवाज बाळाला लवकर जमतात, म्हणून जगातल्या अनेक भाषांत आईबापांची आणि खाण्याची बाळनावे या आवाजांभोवती फिरतात. ते वापरल्याने भाषा अडते असे मानण्याचे कारण नाही; शाळेत गेल्यावर कोणी 'भूभू' म्हणत राहत नाही.

५. मुलांच्या टोळीतले शब्द, बोलीभाषा, अशुद्ध भाषा आणि शिव्या हे सगळे एकच नाही का?

हे एकच समजल्यामुळेच घरोघरी निम्मे वाद होतात. बोली ही एखाद्या भागातल्या लहानथोर सर्वांची पूर्ण भाषा असते, तिला स्वतःचे व्याकरण असते. सटाणा, मालेगाव, कळवण या पट्ट्यातली अहिराणी किंवा सुरगाणा-पेठकडची कोकणा आणि डांगी यांना टोळीची भाषा म्हणणे चूक आहे. टोळीचे शब्द हे एका वयाचे किंवा एका गटाचे असतात आणि ते ज्या भाषेत बोलले जातात तिचेच व्याकरण वापरतात. शिवी दुखावण्यासाठी असते. टोळीच्या शब्दांत काही शिव्या असतात, पण बहुतेक शब्द तसे नसतात. 'अशुद्ध' हा तर सामाजिक निवाडा आहे, भाषेचा प्रकार नव्हे.

व्यवसायाची गुप्त भाषा हा आणखी निराळा प्रकार. महाराष्ट्रातल्या जुन्या दलालांची 'नंदभाषा' प्रसिद्ध आहे; गिऱ्हाइकासमोरच भाव ठरवायचा आणि त्याला आकडा कळू द्यायचा नाही, यासाठी तिच्यात संख्यांना वेगळी नावे होती. मुलांच्या गुप्त भाषेचा हेतू याहून फार वेगळा नसतो. ती प्रश्न ७मध्ये पाहू.

६. मुले नवा शब्द घडवतात तरी कसा? त्यात काही पद्धत असते का?

पद्धत असते, आणि ती बहुतांशी मराठीचीच असते. ही गोष्ट पालकांनी शांतपणे पाहावी असे आम्हाला वाटते, कारण शब्द परका वाटला तरी त्याला लावलेला साज घरचा असतो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुन्या शब्दाचा अर्थ फिरवणे. 'भारी' म्हणजे वजनदार किंवा महाग, ते उत्तम झाले. 'कडक' म्हणजे कठीण, ते देखणे झाले. 'खतरनाक' म्हणजे धोकादायक, ते कौतुकाचे झाले. कौतुकाचे शब्द वापरून लवकर गुळगुळीत होतात, म्हणून त्यांची भरती सतत चालू असते: एका पिढीचे 'झकास', दुसरीचे 'भन्नाट', तिसरीचे 'वाढीव'. दुसरा मार्ग बाहेरच्या शब्दाला मराठी प्रत्यय जोडण्याचा. हिंदीतल्या 'पकाना'चे 'पकवणे' झाले आणि त्यावरून 'पकाऊ' हे विशेषण झाले, अगदी 'टाकाऊ' आणि 'टिकाऊ' यांच्या चालीवर. तिसरा मार्ग 'मारणे' आणि 'देणे' या क्रियापदांच्या आधाराने नवे क्रियापद उभे करण्याचा, जसे 'कल्टी मारणे' किंवा 'टांग देणे'. कापून लहान करणे हा चौथा: प्रिन्सिपलचे 'प्रिन्सी' होते, तसाच पिढ्यान्‌पिढ्या प्रकाशचा 'पक्या' होत आला आहे.

याहून बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे लिंग. 'रील' हा शब्द आला तेव्हा मुलांना कोणी सांगितले नव्हते की तो स्त्रीलिंगी आहे, तरीही 'रील बनवली' हेच रूढ झाले. 'फोन' मात्र 'लागला' असतो आणि 'बस' 'चुकली' असते. 'स्टेटस' अजून डळमळते आहे. एकाच वर्गात 'स्टेटस ठेवलं' आणि 'स्टेटस ठेवला' ही दोन्ही रूपे ऐकू येतात. एखादा बदल चालू असताना प्रत्यक्ष पाहायचा असेल तर हे उत्तम उदाहरण आहे. 'चहाबिहा' या आपल्या जुन्या जोडीच्या चालीवर मुले 'रीलबिल' आणि 'चार्जरबिर्जर' असेही म्हणतात, आणि त्यात इतर वस्तूंसह थोडा तुच्छपणाही बरोबर येतो. ही सोय इंग्रजीतून आलेली नाही.

७. आमच्या मुली 'चलातु चयका चलंझा' असे काहीतरी बोलतात. ही कोणती भाषा?

ही 'चची भाषा', आणि ती तुमच्या मुलींनी शोधलेली नाही. बहुधा तुमच्या आईलाही ती येत असेल. शब्दातले पहिले अक्षर उचलून शेवटी टाकायचे आणि सुरुवातीला 'च' लावायचा, एवढाच तिचा नियम आहे. 'तुला' मधला 'तु' मागे गेला की 'लातु' उरते, पुढे 'च' लावला की 'चलातु'. 'काय' चे 'चयका' आणि 'झालं' चे 'चलंझा' होते. मूळ वाक्य 'तुला काय झालं' हे आहे.

हा नियम लिहून काढताना मोठी माणसे अडखळतात, पण सरावलेली मुलगी तो वाक्याच्या वेगाने लावते. असे करण्यासाठी शब्दाची अक्षरे मनात सुटी करावी लागतात, आणि वाचन शिकतानाही हीच क्षमता लागते. म्हणून हा खेळ बंद करण्याऐवजी पालकांनी तो शिकून घ्यावा, असे कोणी सुचवील. आम्ही तसे सुचवणार नाही, कारण मोठ्यांना कळू लागली की या भाषेचा उपयोगच संपतो.

८. खेळताना मुले जे शब्द वापरतात, तेही असेच नवे असतात का?

उलट, खेळाचे शब्द हे मुलांच्या भाषेतले सर्वांत जुने आणि चिवट शब्द असतात. इंदिरानगरच्या एखाद्या इमारतीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी डबा ऐसपैसचा डाव चालू असताना थोडा वेळ उभे राहिल्यास हे दिसते. आठ-नऊ वर्षांची मोठी मुलगी धाकट्या भावाला 'कच्चा लिंबू' ठरवते, म्हणजे तो पळेल, ओरडेल, पण त्याच्यावर 'राज्य' येणार नाही. चप्पल निसटलेला एक मुलगा मूठ ओठांना लावून 'टाइम प्लीज' म्हणतो आणि सगळे थांबतात. गेल्या वर्षी दुसऱ्या राज्यातून आलेला मुलगा वर्गात अजून मराठी बोलायला लाजतो, पण 'धप्पा' मात्र स्पष्ट मराठीत घालतो. यांतला एकही शब्द पाठ्यपुस्तकाने किंवा पालकाने शिकवलेला नाही. तो दहा वर्षांच्या मुलाकडून आठ वर्षांच्या मुलाकडे जातो, आणि ही साखळी मोठ्यांच्या शिकवणीपेक्षा कमी तुटते. 'ऐसपैस' हे इंग्रजी 'आय स्पाय' चे रूप आहे असे मानले जाते. म्हणजे उसना शब्दही येथे येऊन पक्का स्थायिक झाला.

विटी-दांडूतली मोजणी तर याहून जुनी गोष्ट सांगते. वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द मराठी आकड्यांशी जुळत नाहीत, पण तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी स्पष्टपणे जुळतात. बाजारात, शाळेत आणि कचेरीत मराठी माणूस एक-दोन-तीन मोजत राहिला आणि मैदानावरच्या पोरांनी मात्र द्राविडी आकडे सांभाळले. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने सुमारे ७० शाळांतील ५,००० मुलांकडून असे शब्द गोळा करून १९५९मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या 'टाइम प्लीज'सारखा खेळ थांबवण्याचा शब्द तिथे प्रदेशागणिक बदलतो, हे त्यांना आढळले. मुले भाषा मोडतात अशी तक्रार करणाऱ्यांनी विटी-दांडूचा हा पुरावा विचारात घ्यावा. आजच्या मुलांना विटी-दांडू खेळायला जागा उरलेली नाही, आणि हे शब्द जातील ते त्या कारणाने जातील, मोबाईलवरच्या नव्या शब्दांमुळे नव्हे.

९. 'सिक्स-सेव्हन' म्हणजे काय? मुलगा दिवसभर म्हणतो आणि अर्थ विचारला की हसतो.

तो हसतो कारण अर्थ नाही, आणि अर्थ नसणे हीच त्यातली गंमत आहे. डिक्शनरी डॉट कॉम या कोशाने २०२५चा शब्द म्हणून हाच निवडला. अशा शब्दाचे काम माहिती देणे नसून आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणे असते. अर्थ विचारणारा आपोआप बाहेर पडतो. 'स्किबिडी' हा असाच जवळजवळ अर्थहीन शब्द २०२५मध्ये केंब्रिजच्या कोशात दाखल झाला. ज्यांना हे अधःपतन वाटते त्यांनी 'अडगुलं मडगुलं' आणि 'आपडी थापडी' यांचा शब्दशः अर्थ सांगून पाहावा. जगभरच्या मुलांपर्यंत एकच शब्द काही आठवड्यांत पोहोचतो, नवीन आहे ते एवढेच.

१०. नाशिकच्या मुलांचे असे स्वतःचे काही शब्द आहेत का?

शहराच्या बोलण्याची काही वैशिष्ट्ये आहेत, पण ती मुलांपुरती नाहीत. मित्राला हाक मारताना 'काय भो' म्हणणे हे खान्देशाशी असलेले आपले नाते सांगते; पुण्यातला मुलगा त्या ठिकाणी 'राव' म्हणेल. गोदावरीला 'गंगा' म्हणणे आणि रामकुंडाकडे जायचे असता 'गंगेवर जातो' असे सांगणे, हे बाहेरगावच्या पाहुण्याला अजूनही गोंधळात टाकते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे सिडकोत खान्देश, विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर भारत येथून आलेली कुटुंबे शेजारी राहतात, आणि त्यांची मुले शाळेत एकमेकांचे शब्द उचलतात. 'नाद खुळा' कोल्हापूरकडून आला, 'विषय हार्ड' मोबाईलवरून पसरला. फक्त नाशिकचा असा शब्द शोधणे म्हणूनच अवघड झाले आहे.

जगाला मात्र नाशिकने एक शब्द दिला आहे. देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत ब्रिटिश सैनिक कंटाळून, आजारी पडून राहत. त्या गावाच्या नावावरून त्यांनी 'डुलॅली टॅप' असा प्रयोग घडवला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. इंग्रजीत आजही डोके फिरलेल्या माणसाला 'डुलॅली' म्हणतात. शब्द घडवणारे विशी-पंचविशीतले तरुण होते, आणि त्यांची पद्धत आठवीतल्या मुलांच्या पद्धतीपेक्षा वेगळी नव्हती.

११. 'मी करेल', 'मी येईल' हे चूक आहे की भाषेतला बदल?

दोन्ही. प्रमाण मराठीत 'मी करीन' किंवा 'मी करेन' आणि 'तो करेल' असा फरक आहे. नाशिक-खान्देशात आणि आता महाराष्ट्रभर अनेकजण दोन्हीकडे 'करेल' वापरतात, कारण भविष्यकाळाची बाकीची बहुतेक रूपे 'ल' कारान्त असल्याने एकटा 'न' ओढला जातो. मुलांच्या 'करलं' मागे जी ओढ आहे तीच ही, फक्त ती मोठेपणीही गेली नाही. 'मी पाणी पिलं' हे रूपही 'प्यायलो' ला असेच मागे सारत आहे. गंमत अशी की 'तो करेल' हे ज्या रूपाला आपण शुद्ध म्हणतो, ते स्वतः जुन्या 'तो करील' ला बाजूला सारून बसलेले आहे.

परीक्षेत, अर्जात आणि बातमीत 'मी करेन' किंवा 'मी करीन' लिहावे. तेथे वाचकाची अपेक्षा तशी असते. सटाण्याहून आलेल्या मुलाला 'मी करेल' म्हटल्याबद्दल वर्गात हसणे मात्र बंद झाले पाहिजे.

१२. इतके इंग्रजी आणि हिंदी शब्द येत राहिले तर मराठी उरेल का?

शब्दांच्या आवकीने भाषा मरत नाही. बटाटा, पाव, साबण, बादली, पगार, तुरुंग हे पोर्तुगीजांकडून आले. कागद, दरवाजा, बाजार, वकील हे फारसी-अरबीतून. तूप आणि अडकित्ता कानडीतून. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रचला गेला. त्या वळणाचे 'अमात्य' आणि 'सचिव' राहिले, पण 'वकील' आणि 'जमीन' हलले नाहीत. आपल्या जवळच्या भगूरमध्ये जन्मलेल्या वि. दा. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्द पूर्ण रुजले, तर 'दूरध्वनी' निमंत्रणपत्रिकेत राहिला आणि बोलण्यात 'फोन' आला. शब्द कोणी दिला यापेक्षा तो तोंडात बसतो का, हे अखेर ठरवते.

काळजी करायचीच असेल तर ती वाक्यरचनेची करावी. 'मला मदत कर' ऐवजी 'माझी मदत कर', किंवा 'तो म्हणाला' ऐवजी 'तो मला बोलला' असे जेव्हा ऐकू येते, तेव्हा एकही परका शब्द आलेला नसतो आणि तरीही हिंदीचा साचा आत आलेला असतो. 'मी रील स्क्रोल करत होतो' हे वाक्य त्या मानाने निर्धास्तपणे मराठी आहे. इतके सांगितल्यावर हेही मान्य करायला हवे की भाषा खरोखर मरते ती बोलणारे ती आपल्या मुलांशी बोलणे सोडतात तेव्हा. घरात इंग्रजी आणि फक्त आजीशी मराठी, अशी वाटणी अधिक धोक्याची आहे.

१३. मोबाईलवर रोमन लिपीत मराठी लिहिल्याने शुद्धलेखन बिघडते का?

ब्रिटनमध्ये प्लेस्टर, वुड आणि जोशी यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० ते १२ वर्षांच्या मुलांपैकी जी मुले संदेशांतली तोडलेली स्पेलिंगे अधिक वापरत होती, त्यांचे वाचन कमकुवत नव्हते, उलट काहीसे सरस होते. यावरून संदेशांमुळे वाचन सुधारते असे सिद्ध होत नाही, पण नुकसानीचा दावा टिकत नाही. मराठीचा प्रश्न मात्र निराळा आहे. रोमनमध्ये लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ, ळ आणि ल, ण आणि न यांचा भेद करावाच लागत नाही, त्यामुळे बिघाडापेक्षा सरावाचा अभाव होतो. देवनागरी कळफलक सुरू करून देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

१४. उत्तरपत्रिकेत 'शिवाजी महाराजांनी कडक प्लॅन केला' असे लिहिले तर शिक्षकांनी काय करावे?

गुण कापावेत आणि कारण सांगावे. शब्द वाईट आहे हे ते कारण नव्हे. लेखनाच्या त्या जागी तो बसत नाही, हे आहे. एकच मजकूर मित्राला, आजीला आणि मुख्याध्यापकांना उद्देशून तीन वेळा लिहायला लावणे हा वर्गात चांगला चालणारा सराव आहे. तिन्ही जागी सहज वावरणारे मूल मागे पडत नाही. एकाच जागेची भाषा येणारे मूल अडते, मग ती भाषा टोळीची असो वा पुस्तकी.

१५. हे शब्द टिकतात का?

बहुतेक टिकत नाहीत, आणि कोणता टिकेल हे आधी सांगता येत नाही. १८३९मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगवरून केलेले एक गमतीचे लघुरूप छापले गेले. त्या लाटेतली बाकीची लघुरूपे विस्मृतीत गेली आणि 'ओके' तेवढे उरले. आज ते वणीच्या बाजारातही चालते. संस्कृत व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात 'गौः' या शुद्ध शब्दाची अपभ्रष्ट रूपे म्हणून 'गावी', 'गोणी', 'गोता' यांची नोंद केली आहे. आपली 'गाय' त्या अपभ्रष्टांच्याच घराण्यातली आहे. एवढे खरे की एखाद्या वस्तूचे किंवा कृतीचे नाव पुरवणारा शब्द कौतुकाच्या शब्दापेक्षा जास्त तगतो.

१६. शब्द नवा आहे, गमतीचा आहे, पण कोणाला तरी लागतो. तेव्हा?

तेव्हा या पानावरचा सगळा उदारपणा बाजूला ठेवावा. जात, शरीराचे व्यंग, रंग किंवा मानसिक आजार यांवरून घडलेला शब्द कितीही कल्पक असला, तरी त्याला घरात आणि वर्गात जागा नसावी. पेठ-सुरगाण्याहून वसतिगृहात आलेल्या मुलांना उद्देशून 'गावठी' म्हणणे हा त्याच प्रकारचा शब्द आहे, जरी तो कोणत्याही शिवीच्या यादीत सापडत नाही. प्रश्न १०मधला 'डुलॅली' सुद्धा मूळचा आजारी माणसांची थट्टाच आहे. येथे अपवाद एकच, आणि तो अवघड आहे: ज्या गटावरून शब्द घडला, त्या गटातली मुले आपसात तो हसत वापरत असतील, तर बाहेरच्याने त्यात पडण्यापूर्वी आधी ऐकावे. बाहेरच्याला मात्र तो वापरण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

१७. पालकांनी मुलांचे शब्द स्वतः वापरावेत का?

समजून घ्यावेत, वापरू नयेत. वडील जेवताना 'विषय हार्ड' म्हणाले की तो शब्द त्या घरातून त्याच रात्री निवृत्त होतो. एखादा शब्द घालवायचाच असेल तर हा उपाय रागावण्यापेक्षा जलद लागू पडतो.

१८. शब्द ठीक, पण मुले संपूर्ण नवी भाषा घडवू शकतात का?

होय, आणि असे घडताना अभ्यासकांनी पाहिले आहे. निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कर्णबधिर मुले आपापल्या घरी एकेकटी वाढत होती आणि घरापुरत्या खुणांनी काम चालवत होती. १९७७ नंतर मानाग्वातील शाळांत ती एकत्र आली. शिक्षकांचा भर ओठवाचनावर आणि स्पॅनिशवर होता, पण मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपल्या खुणा एकत्र केल्या. नंतर आलेल्या लहान मुलांनी त्या ओबडधोबड खुणांना नियमित व्याकरण दिले, आणि पहिल्या तुकडीतल्या मोठ्यांपेक्षा धाकट्यांची भाषा अधिक बांधेसूद झाली. ऐकू येणाऱ्या मुलांना आयती भाषा मिळते, म्हणून त्यांच्यातील ही शक्ती आपल्याला 'करलं' आणि 'चलातु' एवढ्यातच दिसते.

१९. शाळेत मुलांच्या शब्दांचा संग्रह करायचा आहे. नोंद कशी ठेवावी?

शब्दाबरोबर पूर्ण वाक्य लिहावे, कारण लिंग, प्रत्यय आणि अर्थाची छटा वाक्यातच कळते. महिना व वर्ष, परिसर, बोलणाऱ्याचे अंदाजे वय आणि तो शब्द कोणाशी बोलताना वापरला गेला, एवढे लिहावे. मुलाचे नाव लिहू नये. उच्चार जसा ऐकला तसाच ठेवावा, शुद्ध करू नये. मोल्सवर्थच्या १८३१च्या आणि पुढे १८५७मध्ये सुधारून निघालेल्या मराठी-इंग्रजी कोशाकडे अभ्यासक आजही वळतात, कारण त्यात ग्रंथांतल्या शब्दांइतकेच तोंडचे शब्दही घेतले गेले. खेळाचे शब्द आधी घ्यावेत, विशेषतः आजी-आजोबांकडून. नवे शब्द मुले रोज ऐकवतीलच. शब्द प्रथम कोणी काढला याचा शोध घेण्यात वेळ घालवू नये, कारण प्रत्येक वर्गात तो शब्द 'आमच्याच वर्गात निघाला' असे शपथेवर सांगणारी मुले भेटतात.